सोलापुरात माळ्यावर पडलेला जुना 'गोल्डबर्ग फाल्कन ५६' किट (रिमोटवर उडवायचं लाकडी मॉडेल विमान), न जोडलेला; किती द्यावेत?

आधी प्लॅनचा, म्हणजे विमानाच्या आराखड्याचा, मोठा कागद आहे का ते बघा. लाकूड नवं आणता येतं, पण प्लॅन नसेल तर मी निम्म्याहून जास्त किंमत कापेन. फाटलेला चालेल, अर्धा नको.

मग बाल्सा, म्हणजे विमानाचं हलकं लाकूड. पत्र्याखालच्या माळ्यावर आपला उन्हाळा काढलेलं लाकूड ठिसूळ होतं. पट्टीचं टोक अलगद वाकवा. लगेच कटकन मोडलं तर वजा धरा. वजनही करा, किराणा दुकानातला डिजिटल काटा पुरतो. ३ मिमी जाड, ७५ मिमी रुंद, ९१५ मिमी लांब शीट २५ ते ३५ ग्रॅम भरावी. ४५च्या वर गेली तर विमान जड होणार. स्पारच्या (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या) काड्या सपाट फरशीवर लोळवून बाक तपासा.

डाय-कट रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या, कारखान्यात साच्याने कापलेल्या फासळ्या) उलट्या करून पाहा. कडा चिरडलेल्या असतील तर साचा बोथट होता. त्या सरळ प्लॅनवरून नव्या कापाव्या लागतात. रिब्ज नगाला नग मोजा, एखादी हमखास हरवलेली असते. पिवळी पडलेली कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक प्लॅस्टिक) आणि गंजलेली चाकांची तार सहज बदलता येते, त्यावर घासाघीस नको.

सोबतच्या जुन्या रेडिओचे (विमानाच्या रिमोट सेटचे) पैसे देऊ नका. निकॅड (निकेल-कॅडमियम) सेल गळून आतल्या तारा हिरव्या झालेल्या असतात. नवा २.४ गिगाहर्ट्झ सेट लागणारच.

भाव ठरवताना ईबेवर लोकांनी मागितलेली नव्हे, विकली गेलेली किंमत पाहा.