हरणांना कोणते वास आणि चवी ओढतात, आणि कोणत्या दूर ठेवतात?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेतील शिकारी हरणांना जवळ आणण्यासाठी जे वास आणि चवी वापरतात त्यांत तथ्य किती, आणि त्याच माहितीचा उलटा उपयोग करून सुप्याजवळच्या आपल्या शेतातील हरभरा चिंकारांपासून वाचवता येईल का. मी पुण्याचा, व्यवसायाने पशुवैद्यक. बारामती आणि दौंडकडच्या गुरांवर उपचार करण्यात बराच काळ गेल्यामुळे माझे उत्तर रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या बाजूने येईल, हे आधीच सांगतो.

कायद्याचा भाग थोडक्यात आटोपतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला मारणे तर येतेच, पण विष घालणे, फास लावणे, हाकारा करणे आणि आमिष दाखवणे हेही येते, आणि नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच ठरतो. चिंकारा आणि काळवीट दोन्ही पहिल्या अनुसूचीत असल्याने किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. म्हणून आकर्षणाविषयी पुढे जे लिहितो आहे ते तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांबद्दल आहे आणि केवळ समजून घेण्यासाठी आहे.

तिकडच्या दुकानांत सर्वांत जास्त खपणारी वस्तू म्हणजे मीठ आणि खनिजांचे ठोकळे, ज्यांना सफरचंदाचा किंवा काकवीचा वास दिलेला असतो. आपल्या गोठ्यात दावणीला टांगलेली चाटण वीट तीच. वसंत ऋतूत कोवळ्या पाल्यात पाणी आणि पोटॅशियम भरपूर असते, सोडियम मात्र अत्यल्प; शिवाय त्याच सुमारास माद्यांना पाडसे पाजायची असतात आणि नरांची नवी शिंगे वाढत असतात, त्यामुळे त्या काळात हरीण मिठाचा ठोकळा शोधत येते आणि तो संपला तरी त्याखालची माती चाटत राहते. शिकारीचा हंगाम मात्र शरद ऋतूतला, आणि तोवर ही ओढ बरीच ओसरलेली असते. डब्यावर सफरचंदाचे चित्र कितीही सुरेख असले तरी नोव्हेंबरात ठेवलेला ठोकळा मे महिन्यातल्या ठोकळ्याइतका चालत नाही, कारण ओढ वासाची नसून शरीरात पडलेल्या तुटीची असते.

हरणाला गोड तेवढेच आवडते, हाही एक गैरसमज आहे. अमेरिकेतील जंगलात शरद ऋतूतले खरे आमिष म्हणजे ओकच्या झाडाखाली पडलेली फळे. त्यांतही पांढऱ्या ओकची फळे हरणे आधी संपवतात, कारण तांबड्या ओकच्या फळांत तुरटपणा आणणारे टॅनिन अधिक असते. पण ती संपली की तांबड्या ओककडेही वळतात, कारण त्यांच्या लाळेत टॅनिनला बांधून टाकणारी प्रथिने असतात. आपल्याकडे आवळ्याचे पाहा. आवळा आपण मीठ लावून खातो, पण चितळ, भेकर आणि इवलीशी पिसोरीसुद्धा झाडाखाली पडलेले आवळे आवडीने खातात आणि रवंथ करताना आठळी दुसरीकडे कुठेतरी टाकतात. मक्याचे ढीग घालण्याची तिकडची पद्धत मला मुळीच पसंत नाही. धान्याच्या पोत्यात तोंड घातलेली म्हैस दुसऱ्या दिवशी कशी दिसते हे ज्याने पाहिले आहे, तिचा बंद पडलेला रवंथ, आंबूस वासाचे पातळ शेण आणि झोकांड्या खाणारी चाल, त्याला हे वेगळे सांगायला नको. हिवाळाभर काड्या चघळणाऱ्या हरणाच्या पोटात एकदम पिष्टमय धान्य गेले की तीच आम्लता होते आणि कधीकधी ते मरते.

दुसरा प्रकार मूत्राच्या बाटल्यांचा. माजावर आलेल्या मादीचे मूत्र म्हणून हे विकले जाते आणि त्यामागचे तत्त्व खरे आहे. माजावरच्या गाईला हुंगून वळू मान उंचावतो आणि वरचा ओठ मुडपतो, ते दृश्य गुरे पाळणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. त्या वेळी टाळूतील एका वेगळ्या इंद्रियाकडे तो वास पोहोचवला जात असतो, आणि हरणांमध्येही हेच घडते. माजाच्या हंगामात नर पुढच्या खुराने जमीन उकरतो, मागच्या पायांच्या सांध्यांवरील केसाळ ग्रंथींवरून मूत्र सोडतो आणि वरची फांदी चाटून आपली खूण ठेवतो, त्यामुळे योग्य आठवड्यात हा वास उपयोगी पडतो. अवेळी वापरला तर फार तर कुतूहल वाटते. मात्र यात एक मोठा धोका आहे. १९६७ साली कोलोरॅडोत प्रथम दिसलेला, हरणांना खंगवून मारणारा प्रायॉनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांचा, रोग लाळ, मूत्र आणि विष्ठेतून पसरतो आणि त्याचे प्रायॉन मातीत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून तेथील काही राज्यांनी नैसर्गिक मूत्राच्या बाटल्यांवर, तर काहींनी खाद्य टाकण्यावरही बंदी घातली आहे.

या सगळ्यापेक्षा शिकाऱ्याचा स्वतःचा वास जास्त महत्त्वाचा, आणि त्यावर बिनवासाच्या साबणापेक्षा वाऱ्याच्या दिशेचे भान अधिक उपयोगी पडते. बुद्धपौर्णिमेला प्राणीगणनेसाठी भीमाशंकरला मचाणावर बसणार असाल तर अत्तर लावू नका, एवढेच त्यातले आपल्या कामाचे.

आता आपला हरभरा. चिंकारा शास्त्राच्या दृष्टीने हरीण नव्हे, तो गाई-शेळ्यांच्या कुळातला, आणि पाण्यावाचून बराच काळ काढणारा. त्याला लागणारी ओल तो पाल्यातून मिळवतो. मयूरेश्वर अभयारण्यातले गवत रब्बीत वाळलेले असते आणि शेजारी दवाने भिजलेला हरभरा उभा असतो. त्याच्या पानांवरची आंब जिभेला झोंबण्याइतकी आंबट असूनही चिंकारा तो खातो, तेव्हा नुसत्या चवीने त्याला हटवण्याची आशा किती ठेवावी ते आपणच ठरवा. कडुलिंबाचा अर्क मारावा असे अनेक जण सुचवतात. शेळ्या कडुलिंब किती आनंदाने ओरबाडतात हे त्यांनी पाहिलेले नसावे. तिखटाची फवारणी जिभेला आग लावते हे खरे, पण दोन-चार दिवसांत फुटलेल्या नव्या शेंड्यांवर तिखट नसते.

परदेशी चाचण्यांत त्यातल्या त्यात सडलेल्या अंड्यांच्या फवाऱ्याचा गुण चांगला आला आहे. त्यातील गंधकयुक्त दुर्गंध मांसाहारी प्राण्याची चाहूल वाटायला लावतो असे मानतात. तो नुकसान कमी करतो, थांबवत नाही. पावसाने धुऊन जातो, आणि आसपास दुसरे हिरवे काही नसेल तर भूक त्या वासावर मात करते. लांडग्याच्या मूत्राच्या बाटल्या मागवण्याचा खर्च करू नका, कारण आपल्या माळावरचे चिंकारे खऱ्या लांडग्यांच्या शेजारीच चरतात आणि लांडगा न येता येणारा वास ते लवकरच सोडून देतील असे मला वाटते. अंड्यांचे पाणी वापरायचेच असेल तर गाळून, बांधालगतच्या चार-पाच ओळींवर, पीक कोवळे असतानाच मारा. घाटे धरल्यावर किंवा भाजीसाठी पाला खुडायचा असेल तिथे मारू नका. फोरेट या कीटकनाशकाच्या पुड्या बांधावर टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. ते विष आहे, तो वर सांगितलेल्या व्याख्येप्रमाणे गुन्हा आहे, आणि त्यात आधी शेजाऱ्याची शेळी मरते. नुकसान झालेच तर पायाचे ठसे आणि खाल्लेले शेंडे यांचे फोटो काढून त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, कारण हरणांनी आणि चिंकारासारख्या कुरंगांनी केलेल्या पीकनुकसानीला राज्य शासनाची भरपाई मिळते आणि पंचनामा जितका उशिरा होतो तितके शेतात दाखवण्यासारखे कमी उरते.