डे-एंडचं बटण आणि गिरणीतले डबे

प्रिय पोरी,

तुझा पिग्मीच्या, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीच्या, वसुलीचा प्रोग्रॅम काल रात्री चालवून बघितला. पायथन भाषा आणि तिच्यातलं खिडक्या-बटणं बनवणारं टीकेइंटर हाताशी घेऊन एकटीनं एवढं उभं केलंस, त्याचं कौतुक आधी करतो आणि मग कान धरतो. तू विचारलंस, "काका, डे-एंडचं बटण दाबलं की खिडकी गोठते, रॅम वाढवू का?" रॅम बिचारी निर्दोष आहे. दोष दिवसअखेरचा हिशेब उरकणाऱ्या त्या बटणाला जोडलेल्या लांबलचक फंक्शनचा, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या सूचनांच्या गठ्ठ्याचा आहे. आणि त्यात तू तूर्त बंद ठेवलेली एक ओळ त्याहून धोक्याची आहे. तिच्याकडे येतोच.

आपल्या गल्लीतली पिठाची गिरणी आठव. लोक डबे रांगेत ठेवून जातात आणि गिरणीवाला एकेक डबा उचलून दळतो. तुझ्या प्रोग्रॅमच्या शेवटी जो मेनलूप लिहिला आहेस, तो हा गिरणीवाला. माऊसची क्लिक हा एक डबा, कळ दाबली तो दुसरा, आणि खिडकी पुन्हा रंगवायची आहे हाही रांगेतलाच एक डबा. माणूस मात्र एकटाच. तुझं डे-एंडचं फंक्शन दोन हजार खाती मोजत बसलं, की मागचे सगळे डबे तसेच पडून राहतात. म्हणून तर फंक्शनच्या पहिल्याच ओळीत लेबलवर 'कृपया थांबा' लिहूनही ते कुणाला दिसलं नाही. मजकूर बदलला होता, पण तो पडद्यावर काढायचं काम रांगेतच अडकलं होतं. लोक अशा खिडकीवर क्लिक करत राहिले आणि ५ सेकंद तिनं दाद दिली नाही, की विंडोज तिच्या माथ्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग'ची पाटी लावून मोकळं होतं.

आता ती ओळ. खात्यांच्या लूपमध्ये, म्हणजे एकेक खातं घेणाऱ्या फेऱ्यांमध्ये, तू मध्येच 'अपडेट'ची ओळ लिहून तूर्त बंद ठेवली आहेस. कुठंतरी वाचलं असशील की त्यानं खिडकी गोठत नाही. खरं आहे, नाही गोठत. मीही हेच केलं होतं. व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या भाषेत त्याला 'डू-इव्हेंट्स' म्हणायचे. एका पतसंस्थेसाठी व्याज जमा करायचा प्रोग्रॅम लिहिला होता, त्यात लूपच्या पोटात ही ओळ टाकली आणि स्वतःवर खूश झालो. याचा अर्थ असा, की हातातला डबा अर्धा दळून ठेवायचा, रांगेतले बाकीचे उरकायचे आणि मग पुन्हा हा घ्यायचा. कारकुनाला वाटलं बटण नीट दाबलं गेलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा दाबलं. पहिलं व्याज अर्धवट असतानाच त्याच्याच पोटात दुसरं सुरू झालं. निम्म्या खात्यांवर व्याज दोनदा! आम्ही तिघं जण रात्री अकरापर्यंत लेजर जुळवत बसलो होतो. ती ओळ आजच काढ.

मग करायचं काय? क्लिकच्या फंक्शननं फक्त निरोप घ्यायचा. बटण बंद कर, लेबल बदल, हिशेबाचं काम वेगळ्या थ्रेडकडे, म्हणजे बाजूला समांतर चालणाऱ्या दुसऱ्या कामगाराकडे, दे आणि परत फीर. तो थ्रेड आत कितीही वेळ घेऊ दे, पण त्यानं खिडकीतल्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही. 'इतकी खाती झाली' एवढं त्यानं क्यूमध्ये, म्हणजे निरोपांच्या पेटीत, टाकायचं आणि खिडकीच्या बाजूनं ठरावीक वेळानं काम करवून घेणारं 'आफ्टर' वापरून दर १०० मिलिसेकंदांनी तो क्यू बघायचा. 'झालं' असा निरोप आला की बटण पुन्हा चालू करायचं. काम मध्येच फसलं तरी निरोप आलाच पाहिजे, त्यामुळे तो 'फायनली'मध्ये, म्हणजे चूक झाली तरी चालणाऱ्या भागात, लिही. नाहीतर एक चूक झाली की बटण दिवसभर मेलेलं. उद्या जावाकडे गेलीस तर याच कामाला तिथं स्विंगवर्कर आहे, सी-शार्पमध्ये असिंक-अवेट. नावं बदलतात, गिरणी तीच.

इथं एक गंमत आहे. तू म्हणशील, "बटण तर मी आधीच बंद करत होते, तरी नोंद दोनदा कशी झाली?" कारण बंद करणं आणि चालू करणं दोन्ही एकाच फंक्शनमध्ये होतं. तोवरच्या क्लिक रांगेत होत्या. गिरणीवर 'बंद'ची पाटी लावलीस आणि दळण संपल्यावर काढलीस, पण रांगेतल्या डब्यांची पाळी आली तेव्हा पाटी कुठं होती? तरीही बटणावर सगळा भरवसा ठेवू नकोस. त्या तारखेचं डे-एंड आधीच झालं आहे का, हे डेटाबेसनंच तपासलं पाहिजे.

बाकीच्या चुका किरकोळ आहेत. बटण दाबल्यावर काय चालवायचं हे सांगणाऱ्या 'कमांड'ला फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं, पुढे कंस नाहीत. कंस टाकलेस म्हणून पावतीचं फंक्शन खिडकी उघडतानाच एकदा चाललं आणि नंतर बटण मुकं झालं. महिन्यांची १२ बटणं लूपमध्ये केलीस, आणि कुठलंही दाबलं तरी मार्चच उघडतो. बटणाला जोडलेलं बिननावाचं छोटं फंक्शन, म्हणजे लॅम्डा, महिन्याचं नाव क्लिकच्या वेळी शोधतो आणि तोवर लूप एप्रिलपासून चालून मार्चवर थांबलेला असतो. लॅम्डाच्या तोंडाशीच 'महिना=महिना' लिही, म्हणजे ज्याचा त्याचा महिना ज्याच्या त्याच्या बटणाकडे राहील.

'जमा' बटणाला तू 'कमांड' न देता माऊसच्या डाव्या कळीचा 'बाइंड' लावला आहेस, म्हणजे ती कळ दाबली की फंक्शन थेट चालतं. हे का केलंस, मला खरंच कळलं नाही. बटणावर बोट दाबून मन बदललं, तर माणूस माऊस बाजूला सरकवून सोडतो. खरी क्लिक सोडण्यावर ठरते, तुझी मात्र दाबताक्षणीच पैसे जमा करते. शिवाय बटण बंद असलं तरी ती चालते आणि स्पेसबारनं चालत नाही. काउंटरवरच्या बाईंचे हात कीबोर्डवरून हलत नाहीत, हे तूच मला सांगितलं होतंस ना?

आणि काळी खिडकी दिसू नये म्हणून प्रोग्रॅम पायथनडब्ल्यूनं, म्हणजे काळ्या खिडकीशिवाय (कन्सोलशिवाय) चालणाऱ्या पायथननं, चालवतेस. क्लिकमध्ये एरर आली की टीकेइंटर ती कन्सोलवर छापतं. कन्सोलच नाही, मग ती वाचणार कोण? टीकेइंटरमधलं एरर छापणारं फंक्शन 'रिपोर्ट-कॉलबॅक-एक्सेप्शन' बदलून ती फाईलमध्ये लिहायची सोय कर.

रविवारी सकाळी ये. खात्यांची खरी फाईल नको, नावं बदललेली आण. डे-एंड चालू असताना मी ते बटण दहा वेळा दाबून बघणार आहे.

तुझा,
काका