कुरूप राहू द्या, आधी बोट हाताने सरळ होतंय का ते बघा

"पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट मधेच वाकलंय, वर कुरूप झालंय, कुठली कॉर्न कॅप चांगली?" तुमचा प्रश्न वाचला आणि माझीच दोन वर्षं आठवली. मी डॉक्टर नाही, भोगलेलं तेवढं लिहितेय.

वाकलेल्या बोटाचा मधला सांधा बुटाला वरून घासतो, म्हणून तिथली कातडी जाड होते. कुरूप म्हणजे एवढंच. मी जायचे त्या दवाखान्यात ते तीनदा कापलं आणि तिन्ही वेळा परत आलं. बोट धरून सरळ होतंय का, हे एकदाही कुणी पाहिलं नाही. माझे निमुळत्या टोकाचे बूट तिथेच खुर्चीखाली पडलेले असायचे, तेही कुणाला दिसले नाहीत. चूक माझीही होतीच. कुरूप गेलं की मी खुशाल तेच बूट घालायचे.

सुरुवातीला बोट हाताने सरळ व्हायचं. दोन वर्षांत ते तसंच आखडून बसलं आणि शेवटी ऑपरेशन करावं लागलं. सांध्याचं थोडं हाड काढून बोटात तार घातली. तिचं टोक बोटाच्या शेंड्यातून बाहेर. चार आठवडे रोज रात्री ते पांघरुणात अडकायचं आणि मी त्या दवाखान्याचा उद्धार करायचे.

तुमचं बोट अजून सरळ होत असेल तर पुढे रुंद आणि उंच असलेले बूट, सांध्यावर जेलचं पॅड, बोट खाली ओढून लावलेली पट्टी, यावर बऱ्याच जणांचं भागतं. बोट सरळ धरून ठेवायला रात्री घालायची जी साधनं मिळतात, त्यांनी आराम पडतो, बोट कायमचं सरळ होत नाही, असं माझं मत. कॉर्न कॅपमध्ये बहुधा सॅलिसिलिक ॲसिड असतं. मधुमेह असेल किंवा पाय बधिर असेल तर तिला हातही लावू नका. चांगली कातडीही जळते आणि कळतसुद्धा नाही.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. कागदावर उभं राहून पायाची रेघ मारा आणि तिच्यावर बूट ठेवा. रेघ बाहेर डोकावली तर तो बूट परत.

आणि बोट नेमकं कुठे वाकलंय तेही लिहा. नखाजवळच्या सांध्यात असेल तर कुरूप बहुतेक शेंड्यावर येतं, मग मधल्या सांध्यावरच्या पॅडचा उपयोग नाही. सगळीच बोटं आकसत असतील तर बूट नंतर बघू, आधी नसांची, म्हणजे मज्जातंतूंची, तपासणी करून घ्या.