कोणी पाहत नसताना बंद खोलीतला कूलर का गंजतो?

तुम्ही विचारलंय: क्वांटम सिद्धांतानुसार पाहीपर्यंत कण एकाच वेळी अनेक अवस्थांत असतो, मग कुलूपबंद खोलीतल्या वस्तू कोणी न पाहता जुन्या कशा होतात?

मी नागपुरात बीएस्सीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो आणि मला तो फार मोलाचा वाटतो. पाऊस लागला की आम्ही कूलरच्या ताट्या काढतो आणि तो मागच्या खोलीत ढकलतो, तो थेट होळीला बाहेर. मधले आठ महिने त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, तरी टाकीच्या तळाच्या खपल्या निघालेल्या असतात.

घोळ ‘निरीक्षण’ या शब्दानं केलाय. त्याला माणसाचा डोळा लागत नाही. पत्र्याच्या एका चौरस सेंटीमीटरवर दर सेकंदाला हवेचे जेवढे रेणू आदळतात, तो आकडा १ वर २३ शून्यांच्याही पुढे जातो. प्रत्येक टकरीत पत्र्याची खबर बाहेर जाते, आणि ‘इथंही, तिथंही’ ही नाजूक अवस्था तत्क्षणी विस्कटते. २००४ साली व्हिएन्नात ७० कार्बन अणूंचे रेणू निर्वातात तापवून पाहिले. ते तापून स्वतःच प्रकाश फेकू लागले, तसे त्यांच्या तरंगपणाचे पट्टे, म्हणजे ‘इथंही, तिथंही’ असण्याची पडद्यावर दिसणारी खूण, पुसट होत गेले. तो प्रकाश पाहायला तिथं कोणी बसलेलं नव्हतं.

आणि न पाहिलेली वस्तू थांबून राहते, हेही खरं नाही. एकट्या अणूची अवस्थासुद्धा श्रोडिंगरच्या समीकरणानुसार, म्हणजे क्वांटम अवस्था वेळेसोबत कशी बदलते हे सांगणाऱ्या नियमानुसार, बदलतच असते.

उलट, पाहिल्यानं बदल थांबू शकतो! हे १९७७ मध्ये बैद्यनाथ मिश्रा आणि ई. सी. जी. सुदर्शन या दोन भारतीयांनी मांडलं. अगदी सुरुवातीच्या क्षणी बदलाची शक्यता वेळेच्या वर्गानुसार वाढते. वेळ निम्मा केला की शक्यता पाव होते. मध्ये एकदा तपासलं की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, म्हणून दोन पाव मिळून अर्धीच शक्यता उरते. जितक्या वेळा तपासाल तितकी ती घटत जाते. १९९० मध्ये अमेरिकेत बेरिलियम या धातूच्या सुमारे ५००० आयनांवर (विद्युतभार असलेल्या अणूंवर) हे करून पाहिलं. पाव सेकंदात ६४ वेळा लेझरनं तपासलं, तेव्हा एरवी हमखास होणारा बदल जवळजवळ झालाच नाही. मुलांना हे फळ्यावर मांडून दाखवताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

मग टक लावून पाहिलं तर कूलरचा गंज का थांबत नाही? कारण वर्गाचा नियम त्या अतिसूक्ष्म क्षणापुरताच असतो. गंजण्याची क्रिया तो ओलांडून सरळ रेषेत चालते. तिथं निम्म्या वेळात निम्मी शक्यता असते, त्यामुळे कितीही तपासा, बेरीज तीच येते. लोखंड, हवा आणि ओल एवढं मिळालं की गंज चढतो. म्हणून आम्ही कूलर आत ठेवण्याआधी टाकी फडक्यानं कोरडी करतो आणि तळाला ऑइल पेंटचा हात देतो.