कडुनिंबापासून केलेले चांदीचे नॅनोकण औषध म्हणून सुरक्षित असतात का? एमएस्सीच्या प्रकल्पासाठी कोणती वनस्पती घ्यावी?

"हिरव्या पद्धतीचे आहेत ना, मग सेफच!" हे वाक्य मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये दोन वर्षं रोज ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

नाही. हिरवी असते ती बनवायची रीत. बोरोहायड्राइड या नेहमीच्या रसायनाच्या जागी पाल्यातली फिनॉल आणि फ्लेव्होनॉइड्स चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, एवढाच फरक. बाटलीत शेवटी चांदीच असते.

आमचा कडुनिंब कोथरूडच्या आमच्या सोसायटीतला. एप्रिलमध्ये एक मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये अर्क टाकला, तर वीस मिनिटांत कोऱ्या चहाचा रंग. जुलैत त्याच झाडाचा पाला, तेवढंच वजन, तेवढंच उकळणं, आणि रंग यायला रात्र गेली. माझे गाईड सर म्हणाले, "एप्रिलचाच डेटा घे." घेतला. प्रकाशशोषणाच्या आलेखात ४२० नॅनोमीटरजवळ सुरेख पीक (टोक), म्हणजे चांदीच्या कणांची खूण. ई. कोलाय जिवाणूंच्या प्लेटवर चौदा मिलिमीटरचा झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेलं वर्तुळ. लॅबमध्ये पेढे वाटले गेले.

मग मला अवदसा आठवली. त्याच ताकदीचं नुसतं सिल्व्हर नायट्रेट प्लेटवरच्या शेजारच्या खड्ड्यात (वेलमध्ये) भरलं. झोन पंधरा! आम्ही कण सेंट्रिफ्यूज करून धुतलेच नव्हते. न वापरले गेलेले आयन द्रावणात तसेच होते. त्यात आगरमधून, म्हणजे प्लेटवरच्या जेलीसारख्या थरातून, आयन झरझर पसरतात, कण फारसे हलत नाहीत. म्हणजे ज्या झोनचे पेढे खाल्ले तो बहुतेक आयनांचाच.

सरांना ही तुलनेची प्लेट, म्हणजे कंट्रोल, दाखवली. "पोस्टरवर हा कंट्रोल नको, बघणारे गोंधळतात." मी काढला. हो, मीच काढला. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकांचा पहिला प्रश्न: "सिल्व्हर नायट्रेटची प्लेट कुठाय?" सर शांतपणे म्हणाले, "राहिली वाटतं तिच्याकडून."

असो. वनस्पती कोणतीही घ्या, तिच्यात नावीन्य शोधू नका. पाषाणच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) मुरली सास्त्री यांच्या गटाने निंबाच्या पाल्यापासून चांदी-सोन्याचे कण केल्याचा पेपर २००४ सालचा आहे. त्यानंतर परसातलं एकही झुडूप लोकांनी सोडलेलं नाही. निंबच घ्या, पण एकच झाड ठरवा, पाला कोणत्या महिन्यात तोडला ते लिहा आणि निदान दोन ऋतूंत करून बघा. नळाचं पाणी नको. त्यातल्या क्लोराइडमुळे पांढरा गढूळपणा येतो, तो सिल्व्हर क्लोराइड. पाल्यातही क्लोराइड असतं, त्यामुळे एक्सआरडीत (स्फटिक ओळखायच्या क्ष-किरण चाचणीत) ३२ अंशांजवळ पीक दिसलं तर "कण मिळाले" म्हणून नाचू नका. कण तीनदा धुवा. नुसता अर्क, नुसतं नायट्रेट आणि धुतल्यावर वर उरलेलं पाणी, तिन्ही लावा. झोनपेक्षा एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, काढा.

चांदी टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही, गैरसमज नको. भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम डॉक्टर वर्षानुवर्षं लावत आलेत. पण ते वरून लावायचं. चांदीचं पाणी पीत राहिलं तर कातडी निळी-राखाडी पडते आणि तो रंग सहसा जात नाही. अमेरिकेच्या एफडीएने १९९९ मध्येच सांगून टाकलं की दुकानात मिळणारी कोलॉइडल चांदी सुरक्षितही धरता येत नाही आणि गुणकारीही. तेव्हा पेशींवरची विषारीपणाची चाचणी केल्याशिवाय प्रबंधात "औषधी" हा शब्द लिहू नका. प्रत्येक ठिकाणी ती सोय नसते, हे मान्य. मग "प्रयोगशाळेत जिवाणूंवर परिणाम दिसला" एवढंच लिहा.

आणि कंट्रोल काढायला कुणी सांगितलंच, तर त्या प्लेटचा फोटो तारीख घालून वहीत चिकटवा आणि त्या पानावर गाईडची सही घ्या. मी घेतली नव्हती.