गॅरेजच्या हिशेबात नफा दिसतो, पण हातात रोकड का उरत नाही?

नफा-तोटा पत्रकात नफा असूनही रोकड का उरत नाही, या आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ताळेबंदात, म्हणजे धंद्याची मालमत्ता व देणी दाखवणाऱ्या पत्रकात, सापडेल. आपल्या विदर्भातील खेड्यांत ट्रॅक्टरची दुरुस्ती खरिपाच्या तोंडावर होते, पैसे मात्र कापूस-सोयाबीन विकल्यावर येतात. बिल केले त्याच दिवशी ती रक्कम उत्पन्नात धरली, तर वसुलीपर्यंत ती ताळेबंदात केवळ येणे, म्हणजे गिऱ्हाइकाकडून यायची रक्कम, म्हणून उभी राहते. पडून असलेले सुटे भाग आणि कर्जाच्या हप्त्यातील मुद्दल यांतही रोकड जाते, पण नफा-तोटा पत्रकात यांपैकी काही खर्च म्हणून दिसत नाही; हप्त्यातील फक्त व्याज दिसते. त्यामुळे ३१ मार्चची वाट न पाहता दरमहा येणे व साठा तपासावा, आणि माझ्या मते सर्वांत आधी मागील हंगामाची थकलेली उधारी वेगळी काढावी.