ए झाली, आता बी? थांबा!

प्रश्न : ताई, मी ४६ वर्षांची आहे. मुलीनं वाढदिवसाला गिटार दिली. कॉर्ड्सचा एक मोठा तक्ता मिळाला, तो भिंतीवर लावला आणि वरून सुरुवात केली. ए जमली. बी वर मात्र तीन आठवडे अडकले आहे. बोटं दुखतात, आवाज निघत नाही. बी आल्याशिवाय सी कडे वळायचं नाही असं मनाशी ठरवलंय. माझं काही चुकतंय का? आधी कोणत्या कॉर्ड्स शिकायच्या?

उत्तर : तुमची चिकाटी दांडगी आहे, आणि म्हणूनच सांगते, तो तक्ता आजच भिंतीवरून काढा. तुमच्या बोटांचा दोष नाही, तक्त्याच्या क्रमाचा आहे. ए आणि बी ही अक्षरं शेजारी आहेत, पण गिटारवर त्या दोन कॉर्ड्समध्ये कित्येक महिन्यांचं अंतर आहे.

असं का, ते कळलं की पुढचा रस्ता आपोआप दिसतो. गिटारच्या सहा मोकळ्या, म्हणजे न दाबलेल्या, तारा जाड तारेपासून अशा लागतात : ई, ए, डी, जी, बी, ई. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर. जिचे सूर या मोकळ्या तारांमध्ये आयतेच सापडतात, ती कॉर्ड सोपी. ई मायनरचे सूर ई, जी, बी. म्हणजे सहापैकी चार तारा काही न करता तुमच्या बाजूनं बोलतात, दोनच दाबायच्या. आता बी मेजर, म्हणजे तुमच्या तक्त्यातली बी, घ्या. तिचे सूर बी, डी शार्प, एफ शार्प. मोकळ्या तारांपैकी कामाची फक्त एक, आणि बी च्या नेहमीच्या पकडीत तीही मोकळी राहत नाही. सगळी मेहनत बोटांनीच करायची. तीन आठवड्यांत ती जमली नाही यात नवल काहीच नाही.

म्हणून सुरुवात ई मायनरपासून करा. मधलं बोट पाचव्या तारेवर, अनामिका चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटमध्ये. (गिटारच्या मानेवरच्या दोन धातूच्या पट्ट्यांमधलं घर म्हणजे फ्रेट, आणि जमिनीच्या बाजूची सर्वांत बारीक तार ती पहिली, हे लक्षात ठेवा.) बोट फ्रेटच्या मध्यावर नको, पुढच्या धातूच्या पट्टीला जवळजवळ खेटून ठेवा, तिथे निम्म्या जोरात स्वच्छ सूर निघतो. आता सहाही तारा एकदम न छेडता एकेक करून वाजवा. तिसरी तार मुकी वाटली तर अनामिका तिच्यावर कलंडली आहे. बोटाचं शेवटचं पेर उभं करा, तार लगेच बोलू लागेल. डाव्या हाताची नखं वाढलेली असतील तर बोट उभं राहणारच नाही, तेव्हा आधी ती कापा.

तर्जनी मुद्दाम मोकळी ठेवायला सांगितली आहे. आता ती तिसऱ्या तारेवर, पहिल्या फ्रेटमध्ये टेकवा. झाली ई मेजर! तर्जनी उचला, टेकवा, पुन्हा उचला, आणि कान देऊन ऐका. ई हा षड्ज धरलात तर तेवढ्या एका बोटानं कोमल गंधार शुद्ध होतो आणि सगळ्या कॉर्डचा भाव पालटतो. मेजर-मायनरचा फरक समजावायला मला आजवर याहून चांगली जागा सापडलेली नाही. वर्गात मी नवीन माणसाला पहिल्या दिवशी एवढंच करायला लावते. पाच मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, की त्याला ऐकू आलं.

यापुढचं नीट वाचा, कारण मला मुख्य सांगायचंय ते हेच. कॉर्ड एकटी शिकायची नाही, जोडीनं शिकायची. गाण्यात माणूस कॉर्डवर अडत नाही, तो एकीवरून दुसरीवर जाताना अडतो. म्हणून पुढची कॉर्ड निवडताना ‘ही सोपी आहे का’ असं विचारू नका. ‘आत्ता हाताशी असलेल्या कॉर्डमधलं कोणतं बोट तिथे उपयोगी पडेल’ असं विचारा.

ई मेजरची तिन्ही बोटं आहेत त्याच आकारात उचला आणि एकेक तार बारीक तारांकडे सरकवा. ए मायनर झाली. नवीन आकार शिकावाच लागला नाही. आता ए मायनरमधली तर्जनी आणि मधलं बोट हलवू नका. फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्या. ही सी. सुरुवातीला तर्जनी आणि मधलं बोटही अनामिकेच्या मागे पळू पाहतील. त्यांना जागेवर ठेवून अनामिका एकटी नेणं, एवढाच तुमचा पहिल्या पंधरवड्याचा अभ्यास. ए मायनर, सी, ए मायनर, सी. दर चार मात्रांना एक बदल, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर. मग एका मिनिटात किती बदल स्वच्छ होतात ते मोजा आणि वहीत लिहा. माझ्याकडे तीस झाले की पुढची जोडी मिळते, त्याआधी नाही.

पुढची जोडी जी आणि डी. जी चार बोटांनी धरा, सुरुवातीला अवघड वाटली तरी. मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये, तर्जनी पाचवीवर दुसऱ्यामध्ये, अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिलीवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटमध्ये. करंगळी कुरकुर करेल, पण आत्ताच तिला कामाला लावा. आता अनामिका आणि करंगळी तशाच राहू देत. तर्जनी आणि मधलं बोट जोडीनं एक तार पुढे सरकवा : सी ॲड नाइन, म्हणजे सी चीच जरा मोकळी, गोड बहीण. परत जी वर या आणि फक्त मधलं बोट सहाव्या तारेवरून चौथीच्या दुसऱ्या फ्रेटवर न्या : ई मायनर सेव्हन. आणि डी साठी करंगळी उचला, तर्जनी तिसऱ्या तारेवर, मधलं बोट पहिलीवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटमध्ये. चार कॉर्ड्स झाल्या आणि अनामिका दुसऱ्या तारेवरून एकदाही उठली नाही! त्या एका बोटाभोवती बाकीची फिरतात. या चार कॉर्ड्सवर इतकी गाणी बसतात, की वर्षभर वेगळं काही शिकला नाहीत तरी चालेल.

हे इतक्या पोटतिडकीनं का लिहितेय तेही सांगते. माझ्या पहिल्या शिक्षकांनी मला सी, एफ, जी या क्रमानं शिकवलं. कागदावर ते अगदी बरोबर होतं : षड्ज, मध्यम, पंचम, सी पट्टीचे तीन खांब. पण बोटांच्या हिशेबानं मधला खांब डोंगराएवढा होता. मी एफ शी झगडत राहिले आणि एके दिवशी गिटार कपाटावर ठेवून दिली. आठ महिने ती तिथेच होती. खाली काढली ती एका मैत्रिणीनं ई मायनर दाखवल्यावर. तुमची गिटार कपाटावर जाऊ नये असं मला फार मनापासून वाटतं.

दुखण्याचं म्हणाल, तर दिवसातून एकदा तासभर बसण्यापेक्षा दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं बसा. तीन-चार आठवड्यांत बोटांची टोकं घट्ट होतात. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर मात्र थांबा, पकड तपासा. टोकं दुखणं वेगळं आणि सांधा दुखणं वेगळं.

---

प्रश्न : ताई, मी चौदा वर्षांचा आहे. सी, जी, ए मायनर येतात. दोन महिने एफ करतोय, पण पहिली आणि दुसरी तार बसकीच वाजते. मित्र म्हणतात एफ येत नाही तोवर तू गिटार वाजवतोस असं म्हणायचंच नाही. खरं आहे का?

उत्तर : अजिबात खरं नाही. तू तीन कॉर्ड्सवर गाणं वाजवतोस ना? मग तू गिटार वाजवतोस.

एफ साठी आधी एक युक्ती घे. ए मायनर धर. तर्जनी जागेवर ठेव. मधलं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका चौथीच्या तिसऱ्या फ्रेटवर. चौथ्या तारेपासून खाली वाजव, पहिली तार मोकळी. याला एफ मेजर सेव्हन म्हणतात. बहुतेक गाण्यांत एफ च्या जागी ती छान चालते, आणि काही ठिकाणी तर मला तीच जास्त आवडते.

पूर्ण बार, म्हणजे तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून धरलेला एफ चा आकार, हवाच असेल तर पहिल्या फ्रेटवर शिकू नकोस. तिथे नट (मानेच्या टोकाची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) अगदी जवळ असतो, म्हणून तार दाबायला सर्वांत जास्त जोर लागतो. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धर (तिथे तो ए होतो), तर्जनी थोडी अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर वळव आणि कोपर पोटाजवळ आण. पाचव्यावर स्वच्छ वाजला की चौथा, मग तिसरा. एकेक फ्रेट खाली येत आठवड्या-दोन आठवड्यांनी पहिल्यावर पोहोच. तरीही पहिल्यावरच अडत असेल तर गिटार एखाद्या जाणकाराला दाखव. नटवर तारा फार उंच असतील तर अनुभवी माणसालाही तिथे एफ जड जाते, आणि ती दुरुस्ती लहानशी असते.

---

प्रश्न : जी, सी, डी, ई मायनर व्यवस्थित येतात. पण या पट्टीत गायला लागले की माझा आवाज फार खाली राहतो. दुसऱ्या पट्टीच्या कॉर्ड्स पुन्हा पहिल्यापासून शिकाव्या लागतील का?

उत्तर : नाही, कॅपो घ्या, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. कॅपो एक फ्रेट पुढे गेला की सगळं अर्ध्या स्वरानं चढतं. दुसऱ्या फ्रेटवर लावून जी चा आकार धरलात की ऐकू येते ए, चौथ्यावर बी. पहिल्या वाचक भगिनींना तीन आठवडे छळणारी तीच बी! एकेक फ्रेट चढवत जा आणि गाण्यातला सर्वांत वरचा सूर न ओढता जिथे लागेल तिथे थांबा. कॅपो धातूच्या पट्टीच्या लगेच मागे लावा. लावल्यावर ट्यूनर एकदा बघाच, कारण दाबामुळे तारा किंचित चढतात, जाड तारा जास्तच.